बुडीचा जळका

त्या सकाळी टेकडीवर आमी चौघी होतो. माही सासू, मोठी जाऊ, धाकटी ननंद आन मी. खाली आमच्या बोडीच्या पारीवर म्हातारा ढिवरमामा जाळं सुकवत बसला होता. त्यानं खालून सारं पाह्यलं, म्हनून त्यालेबी धरा. पाच झाले. सहावं कोनी नव्हतं. आमच्या घरचे गडीमानसं तुमसरच्या बाजाराले गेले होते. आता त्या पाचातली मी एकटीच उरली आहे. ढिवरमामा आन सासू तं कवाचेच गेले, ननंद तिच्या सासरीच वारली, आन जाऊ या हिवाळ्यात गेली. तिची तेरवी झाली, उन्हाळा लागला, आन मी नातीले म्हटलं, वही आन.

मी तिसरीपर्यंत शिकली. अक्षर समजते, पन हात कापते. म्हनून मी सांगून राहिली आन नात लिहून राहिली. तिले म्हटलं, मी बोलते तसंच लिही, शाळेतल्यावानी नको करू.

कायले लिहायचं, तं आयका. आमच्या टेकडीच्या ज्या अंगाले वाकडा मोह आहे, त्या चढाले सारं गाव 'बुडीचा जळका' म्हनते. बुडी म्हंजे माही सासू. तिले पाह्यलेले मानसं आता थोडे राहिले, पन नाव राहिलं. परवा दोन पोट्ट्या चारोळीचे चारं तोडाले अंगनातून जाऊन राहिल्या होत्या. एक दुसरीले म्हने, "बुडीच्या जळक्यावर चारं पिकली, चाल." मी आयकलं आन सूप खाली ठेवलं. बुडीनं तो चढ जाळला नाही. मी जाळला. बुडीनं तिचं उरलेलं आयुष्य तो चढ भरन्यात घातलं, आन नाव मातर जळका पडलं.

मी आसगावाकडची. पवनीच्या अंगाची सारी सपाट जमीन, धानाच्या बांध्याच बांध्या. उभं राहून पाह्यलं तं आभाळ जमिनीले टेकलेलं दिसे. टेकडी मी लगनाच्या बंडीतून पहिल्यांदा जवळून पाह्यली. मनात म्हटलं, बाप्पा, हे अंगावर पडलं तं! माहे घरचे, म्हंजे नवरा, बाजूले बसले होते, त्याईले वाटलं मी माहेरासाठी रडून राहिली.

सासरचं घर टेकडीच्या पायथ्याले. घराच्या मागे बोडी. बोडी म्हंजे लहान तलाव, तीन अंगानं मातीची पार आन चौथ्या अंगानं टेकडी. टेकडीवरचं पानी बोडीत, बोडीतलं पानी आमच्या चार बांध्याईत, आन त्या चार बांध्याईचं धान आमच्या पोटात. येवढाच हिशोब. पाऊस पाठ फिरवे तवा, धान लोंबीवर आलं का, बोडीचं तोंड उघडत आन शेवटचं पानी देत. ते एक पानी भेटलं तं दाना भरे, नाही तं पोचट. म्हनून सासू बोडीले घरातल्या मानसावानी धरे. सकाळी उठली का पहिले पारीवर जाये, पाहून येये, मंग चूल.

बोडीत मधोमध एक काळा दगड होता. उन्हाळ्यात पानी उतरलं का तो निघे, मानसाच्या छातीयेवढा उंच. आमी त्याच्यावर कपडे धुवो. ह्या दगडाचं ध्यानात ठेवा.

आन पावसाचं पानी टेकडीवरून कसं येये, तेबी सांगते. मले त्याचं भलं नवल वाटे. पाऊस पडून थांबे. आमी सैपाक करो, जेवो, भांडे घासो, तवा कुठं वरून पानी उतराले लागे. हळूहळू. आन रंग कसा, तं कोऱ्या चहावानी. पाल्यातून झिरपून येये म्हनून. सासू म्हने, "टेकडी पहिले स्वता पेते, मंग आपल्याले देते."

फागुन सरत आला का मोह गळे. तुमी आता दुकानातून आनता सारं, तुमाले त्या वासाचं काय सांगू. पहाटे उठून टोपल्या घेऊन आमी चौघी निघो. अस्वलालेबी मोह आवडते, म्हनून बोलत बोलत, टोपली वाजवत जाओ. जाऊ भली बोलकी. म्हने, "अस्वला, आमी आलो बरं, तू जेवला असशीन तं जाय घरी." ननंद हासून हासून बसे. फुलं टपटप पडून राहिलेले. सूर्य निघायच्या आंधी झाडाखाली बसलं का पाठीवर पडत, अंबाड्यात अडकत. गोड, चिकट. घरी येऊन केस झाडले का केसातून मूठभर मोह निघे. ते दिवस आठवले का अजून नाकात वास येते. पोटाले कमी होतं, पन ते दिवस बरे होते.

आता रीत सांगते, कारन चूक त्या रीतीत झाली.

फागुनात पाला झडते. झाडाखाली हातभर पाला साचते, आन त्याच्यात मोहफूल पडलं तं दिसत नाही. म्हनून फुलं गळायच्या आंधी झाडाखालची जागा साफ कराची. सारे लोक जाळत. झाडाभोवती गोल झाडून घ्याचं, मधल्या पाल्याले काडी लावाची, आग झोडपाले हिरव्या पाल्याची डांग हातात धरून उभं राहाचं. जमीन काळी साफ होये, आन काळ्यावर पिवळं फूल लांबून दिसे. माह्या माहेरीबी हेच.

पन सासूचे दोन कायदे होते. खालचे सात झाडं सपाटीवर, ते जाळाचे. वरचे पाच झाडं चढावर, तिथं वाकडा मोह होता, ते जाळाचे नाही. तिथं खराट्यानंच झाडाचं. चढ असा का एक हातानं झुडूप धराचं आन एक हातानं झाडाचं. पाय घसरे, पाला अंगावर येये, घामानं चोळी वली. खालचे सात झाडं एका घंट्यात होत, वरचे पाच दोन दिवस खात. मी पहिल्या साली विचारलं, "माय, वर काहून नाही जाळत?" ती म्हने, "नाही जाळत." बस. बुडी जास्ती सांगनारी नव्हती. तिच्या सासूनं तिले सांगतलं नसन, तिनं मले सांगतलं नाही.

मले वाटलं, बुडीची सवय आहे. जुन्या मानसाईच्या असतात.

दुसऱ्या साली त्या सकाळी सासू आन ननंद खालच्या झाडाईखाली होत्या. जाऊ आन मी वर. जाऊले तिसरा महिना होता, तिले वाकता येत नव्हतं, म्हनून ती दगडावर बसली आन मी झाडून राहिली. दोन झाडं झाले. ऊन चढलं. वाकड्या मोहाखाली आली तं पाला गुडघ्यायेवढा. माह्या हाताले फोड आले होते. मी म्हटलं, "जाऊबाई, माचिस आहे का?"

"खालून आनली ना मायच्या टोपलीतून. कायले?"

"हा येवढा जाळून टाकू."

"माय काय म्हनन?"

"मायले दिसायच्या आंधी राख होईन. आमच्या आसगावाले तं सारेच जाळतात. मी उभी राहते डांग घेऊन."

जाऊ म्हने, "तुहं आसगाव ताटावानी सपाट आहे, बाई." पन हासत म्हने. तिलेबी घरी जायचं होतं, मळमळ होऊन राहिली होती. तिनं माचिस फेकली, मी झेलली. त्याच्यात तिचा दोष धरू नका. काडी मी ओढली.

सपाटीवर आग कशी, तं बैलावानी. जिकडे हाकाल तिकडे जाते, थांबवलं तं थांबते. मी गोल झाडून घेतलं होतं, डांग हातात होती. पन चढावर आग शिडी चढते. खालचा पाला पेटला आन त्याचा जाळ वरच्या पाल्याच्या अंगावरच टेकला. दिवस तापला का वारा खालून वर जाते, हे मले माहीत नव्हतं. हू हू असा आवाज झाला. मी डांग मारली, एक डाव, दोन डाव. तिसऱ्या डावाले आग माह्या डोक्याच्या वर होती. चालून नाही, पळून गेली. मी मागे धावली तं पायाखालचा मुरूम घसरला, मी गुडघ्यावर पडली. त्याचा वन गुडघ्यावर अजून आहे.

खालून ढिवरमामा वरडला, "ओ बायांनो! खाली या! खाली या, वर नोका जाऊ!"

सासू वर आली ते मले अजून दिसते. पदर कमरेले खोसला, खराटा हातात. तिनं पहिले जाऊले दंडाले धरून खाली धाडलं. मंग माह्याकडे पाह्यलं, मंग वर. आग टेकडीच्या माथ्याकडे जाऊन राहिली होती. लहान लहान झाडं, धावड्याचे, तेंदूचे, चाराचे रोपं, फटफट पेटून राहिले होते. मले वाटलं आता मारन. तिनं माही हनुवटी धरली, तोंडाची राख पुसली आन म्हने, "केस नाही ना जळले?" बस.

गावातले मानसं आले, डांगा घेऊन झोडपलं, पन टेकडीची ती बाजू तीन दिवस धुमसली. मोठे झाडं वाचले. वाकडा मोहबी वाचला, एका अंगानं करपला. बाकी सारं साफ. पाला नाही, गवत नाही, रोपं नाही. टेकडी उघडी पडली. म्हाताऱ्या मानसाच्या डोक्याचा पटका काढला तं कसं दिसते, तशी.

चौथ्या दिवशी जंगलाचा नाकेदार आला. पारीवर आमाले साऱ्याईले उभं केलं. विचारलं, कोनाच्या हातून लागली? मी तोंड उघडनार, तेवढ्यात सासू पुढं झाली. "माह्या झाडाखालून लागली, साहेब. माह्या हातून."

"बुडे, येवढ्या वयाची झाली, समजत नाही?"

"चुकलं," सासू म्हने.

त्यानं कागद लिहिला, तिचा अंगठा घेतला. दोन दिवस तिले चालत त्याईच्या नाक्यावर जाऊन बसा लागलं, उपाशी. ते अंगठ्याचं निळं बोट तिनं राखेनं घासलं, तरी हप्ताभर राहिलं. पारीवर सारं गाव उभं होतं. तिथूनच नाव पडलं.

घरी मी तिच्या पायावर पडली. ती म्हने, "ऊठ. तू नवी आहेस. तुह्या माहेरपर्यंत बोल जाईन. मी बुडी झाली, मले कोन काय म्हनन? आन आता हे तोंडातून काढू नको, चौघीतच राहू दे." ढिवरमामानं खालून पाह्यलं होतं मी कुठं उभी होती ते, पन त्यानंबी बुडीच्या शब्दासाठी तोंड नाही उघडलं. घरच्याईले मातर मी सांगतलं. ते म्हनले, "मायनं सांगतलं तसंच राहू दे." 'अजी, मी पाप केलं,' म्हटलं. ते म्हनले, "पाप नाही, अवं. पन आता पावसाचं पाहा लागन."

मले कळलं नाही पावसाचं काय पाहाचं.

मिरगाचा पाऊस आला. मी चुलीपुढे होती. सवयीनं म्हटलं, जेवन होतवर पानी काही येत नाही. पाऊस अजून पडतच होता आन मागून आवाज आला, कोनी बंडीतून गिट्टी ओतून राहिलं तसा. मागच्या दारात गेली. पहिले काळं पानी आलं, राखेचं. मंग लाल. मंग त्या लाल पान्यात गोटे वाजत आले. भाकर तव्यावर होती तेवढ्यात बोडी भरून गेली. भरली, पन कशानं? दुसऱ्या दिवशी ढिवरमामा आला, ओट्यावर नुसता बसला. म्हने, "बाई, साऱ्या मासोळ्या उताण्या झाल्या."

त्या पावसाळ्यात दर पावसाले टेकडी थोडी थोडी खाली आली. चढावर घळी पडल्या, मानूस उभा मावन अशा. वाकड्या मोहाचे मुळं बाहेर निघाले, कोंबडीच्या पायावानी. श्रावनात बोडीची पार एका कोपऱ्यात फुटली आन आमच्या वरच्या बांधीत, रोवना होऊन आठ दिवस झालेल्या धानावर, मुरूम आन रेती पसरली. गुडघाभर. घरचे बांधीच्या कडेले, धुऱ्यावर, उभे राहिले. मी रोवलेलं एक रोप नाही दिसलं. खालच्या तीन बांध्या राहिल्या, तं दसऱ्याच्या वक्ताले पाऊस गेला, धान लोंबीवर, आन बोडीत पानीच नाही. बोडीत माती होती. शेवटचं पानी नाही भेटलं. सारं पोचट.

हिवाळ्यात बोडी आटली तवा मी पाह्यलं, काळा दगड दिसत नव्हता. छातीयेवढा दगड, आता नुसती पाठ बाहेर, कासवावानी.

त्या साली घरचे तुमसरले धानाच्या मिलमध्ये पोते उचलाले गेले. दुसऱ्याचं धान. महिन्यातून एकदा येत, खांद्याची कातडी सोललेली. आमी बाया आंबील आन उकडलेला मोह खाऊन राहिलो. जाऊचं लेकरू झालं, ते दुबळं होतं, पन वाचलं. मी रडली नाही, रडाले मले तोंड नव्हतं.

माघ लागला. एक दिवस सकाळी सासूनं माह्या हातात घमेलं देल्लं. म्हने, "चाल." बोडीत नेलं. फावड्यानं गाळ ओढला, माह्या घमेल्यात टाकला. मी विचारलं, "पारीवर टाकू?"

ती म्हने, "बारीक गाळ बांधीत. मोठा मुरूम पारीच्या फुटीत. आन मोह वेचाले वर जाशीन तवा एक टोपली चांगली माती वर."

"वर? टेकडीवर?"

"कोनाची आहे ती माती? टेकडीची. मंग?"

हासू नका. तवा सारं गाव हासलं. दर उन्हाळ्यात आमी चौघी बोडी उपसो, आन मोहाच्या दिवसात वर जाताना डोक्यावर भरलेली टोपली, खाली येताना मोहाची टोपली. तिचा नवा कायदा झाला, रिकामी टोपली घेऊन वर जायचं नाही. लोक पारीवरून विचारत, "काहो, बुडे, टेकडी पेरून राहिल्या का?" सासू म्हने, "हो ना, दोन-चार टेकड्या पिकल्या तं तुले एक देईन."

नुसती माती टाकली तं पुढच्या पावसात परत येनार, हे तिले माहीत होतं. म्हनून चढाले आडवे, हातभर उंच दगड रचले. ओळीच्या ओळी. घळीच्या तोंडात मोठे दगड. त्या ओळीच्या वरच्या अंगाले माती टाकाची, आन माती झाकाले पाला. तोच खराट्यानं झाडलेला पाला. झाडलेला पाला आमी खाली नाही लोटला, जाळला नाही, दगडाच्या ओळीमागे दाबला. वाकड्या मोहाच्या मुळाले सासू स्वता माती घाले, दोन्ही हातानं थोपटे, लेकराले झोपवल्यावानी. मी लांब उभी राहून पाहो. त्या मुळाजवळ जायले मले दोन सालं लागले.

जाऊ मातर सोडे थोडी! मी चढावर हाफत बसली का ती वरून म्हने, "काहो आसगाववाली, तुही टोपली वर येऊन राहिली का टेकडीच खाली बोलावू?" त्या बोलन्यानं मले बरं वाटे. सासूनं कवा टोमना मारला नाही, त्याचंच जड होये. जाऊचा टोमना हलका होता, तो झेलता येये.

पहिल्या साली अर्ध्या ओळी वाहून गेल्या. परत रचल्या. दुसऱ्या सालीबी गेल्या, पन कमी. तिसऱ्या साली एका ओळीमागे कुसळी गवत उगवलं. ननंद वरून वरडली, "वहिनी, हिरवं!" आमी चौघी त्या हातभर गवताभोवती बसून भाकर खाल्ली, चटणी-भाकर, जसं काही लगनाचं जेवन. मंग ननंदेचं लगन झालं, तिघी राहिलो. चाराचे रोपं आले, धावडा आला. कोनी लावले नाही, स्वताच आले, पायाखाली माती भेटली म्हनून. घरचे मिलमधून परत आले. वरची बांधी साफ कराले चार सालं लागले. काळा दगड बोडीत हळूहळू वर निघाला, कमरेयेवढा. छातीयेवढा तो परत नाहीच झाला.

सासू किती सालं टोपली घेऊन वर गेली, मोजलं नाही. गुडघे गेले तवा ती पारीवर बसून आमाले टोपल्या भरून देये. माही लेक झाली, चालाले लागली, वर जाताना तीबी कटोरीत माती घेई. सासू तिले म्हने, "सांडू नको, लांबून आली आहे."

मंग तिचं शेवटचं चौमासं. ओट्यावर खाट टाकली होती. दुपारी पाऊस आला, भला जोराचा, पत्रावळीवर वाटाने पडतात तसा आवाज. तिले दिसत कमी होतं. पाऊस थांबला. ती म्हने, "पोरी, पानी आलं का?"

मी मागे जाऊन पाह्यलं. "नाही आलं, माय."

मी चूल पेटवली. भात शिजला. तिनं परत विचारलं, "आलं का?"

"नाही."

आमी जेवलो. तिले दोन घास भरवले. भांडे घासून राहिली होती, तवा तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मी हात पुसत गेली. टेकडीवरून पानी उतरून राहिलं होतं. हळू. आवाज नाही. कोऱ्या चहाच्या रंगाचं. मी वंजळीत घेतलं आन घरात आनलं, सांडत सांडत, आन तिच्या हातावर टाकलं. तिनं बोटं एकमेकाले घासून पाह्यले, रेती लागते का. नाही लागली.

"आता पेऊन राहिली," ती म्हने. टेकडीबद्दल.

मी म्हटलं, "माय, मी गावाले सांगते. तुहं नाव साफ करते." ती म्हने, "कायले? नाव का बांधी आहे, पीक घ्याले? मातीचं पाहाय." पोळ्याच्या आंधी ती गेली. तिनं नको म्हटलं म्हनून मी नाही सांगतलं, असं मी येवढे सालं स्वताले सांगून राहिली होती. खरं असं का मले भेव वाटत होतं. लेकीचं लगन होऊ दे, सुना येऊ दे, जाऊ जिती आहे तिचंबी नाव निघन. आता कोनाचं नाव निघायचं राहिलं नाही. माहंच आहे.

आता माहा मुलगा मोहाखाली जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधतो, काही जन जाळी पसरवतात. फूल जमिनीले लागतच नाही, जाळाचं कामच नाही. बरं आहे. पन सारे तसं करत नाही. या फागुनात मी ओट्यावरून पाह्यलं, बाजूच्या टेकडीच्या चढावर धूर होता. मुलाले म्हटलं, जाय, पाहून ये. तो म्हने, "लहान आग होती, आई, विझली." मी म्हटलं, माहीबी लहानच होती.

माह्याच्यानं आता चढ चढवत नाही. मागच्या खेपेले वर गेली तवा मधल्या दोन ओळीचे दगड सुटलेले दिसले, वाकड्या मोहाचं एक मूळ परत उघडं पडलं आहे. मी मूठभर माती घातली, येवढीच होती.

जो कोनी हे वाचन त्याले माहं येवढंच मागनं आहे. त्या जाग्याले बुडीचा जळका म्हनू नका. पहिले त्याले, वाकड्या मोहावरून, वाकड्याचा चढ म्हनत, तेच म्हना. तिथं काडी ओढू नका. आन मोहाच्या दिवसात वर जाल तं आमच्या बोडीतून एक टोपली माती घेऊन जा, विचाराले येऊ नका, घ्या आन जा, आन वाकड्या मोहाच्या उघड्या मुळावर टाका.